निस्ताराची रेघ

माझी नोकरी रेघा ओढण्याची होती. असं सांगितलं की लोक हसायचे, म्हणून पुढे पुढे मी ‘ट्रेसर’ म्हणायला लागले. जंगलाचे जुने नकाशे पिवळे पडलेले, घड्यांवर फाटलेले असत. त्यांच्यावर निळसर, मेणचट ट्रेसिंगचं कापड पसरायचं, शाई नीट धरावी म्हणून त्यावर खडूची भुकटी चोळायची आणि खालची प्रत्येक रेघ वर उतरवून घ्यायची. त्या कापडावरून अमोनियाच्या छापील प्रती निघत आणि प्रत्यक्ष जंगल सांभाळणाऱ्या माणसांच्या हातात जात. सत्तरीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं, आणि मी वनखात्याच्या नागपुरातल्या कार्यालयात, नकाशा-विभागात होते.

जंगल मात्र मी पाहिलेलं नव्हतं. शाळेची सहल एकदा सेमिनरी हिल्सवर गेली होती, तेवढीच झाडी. आमची वस्ती उत्तर नागपुरातली. बाबा गिरणीत, कापडाच्या घड्या घालण्याच्या खात्यात. घर छप्पन सालच्या दीक्षेचं, त्यामुळे मुलीनं शिकायचं हे घरात ठरूनच गेलेलं होतं. त्यावर चर्चा कधी झाली नाही. मी आय.टी.आय.मधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केला. वर्गात आम्ही दोनच मुली होतो. नोकरी लागली तेव्हा आमच्या गल्लीत सरकारी नोकरीतली मी पहिली बाई होते. पहिल्या दिवशी घालायची साडी आईनं स्वतः नीळ घालून, कांजी करून वाळवली.

त्याच पहिल्या दिवशी, मी टेबलाशी बसताना, मागच्या रांगेतला एक कारकून शेजाऱ्याला म्हणाला, “सवलतीतून आलेली आहे. आता रेघा सरळ येतात का पाहू.”

तो हळूच बोलला होता, पण मला ऐकू आलं. मी तेव्हाच ठरवून टाकलं की या ऑफिसात कोणाला काही विचारायचं नाही. विचारलं की म्हणतील, हिला येत नाही. हा निश्चय मला फार मानाचा वाटला होता. पुढे जे झालं ते या निश्चयातूनच झालं, म्हणून तो आधी सांगते.

आमच्या टेबलांवर येणारे नकाशे बहुतेक पूर्वीच्या मालगुजारी जंगलांचे असत. आमच्याकडे इंग्रजांच्या काळापासून गावोगाव मालगुजार होते. गावाला लागून असलेलं जंगलही त्यांच्याच ताब्यात. स्वातंत्र्यानंतर मालगुजारी गेली आणि ती जंगलं सरकारजमा झाली. पण त्या जंगलांवर गावाचा जुना वापर होता. सरपण, चराई, मोहफुलं, टेंभरं, चारोळी, घराला लागणारे लाकडाचे बल्ले. या वापराला ‘निस्तार’ म्हणत. खात्यानं जंगल हाती घेतलं तरी गावाचा निस्ताराचा पट्टा राखून ठेवायचा, असं होतं. नकाशावर ती हद्द तुटक रेघेनं दाखवत. रेघेच्या एका बाजूला गावाचा हक्क, दुसऱ्या बाजूला राखीव जंगल, जिथं सरकार ठरवील ते. त्या काळात सरकार एकच ठरवायचं. मिश्र जंगल सरसकट तोडा, जमीन साफ करा, साग लावा. कार्य आयोजनेत, म्हणजे जंगलाचं पुढच्या वर्षांत काय करायचं हे ज्यात लिहितात त्या जाड पुस्तकात, अशा जंगलाला ‘निकृष्ट’ म्हटलेलं असे. नकाशावर त्याचा रंग पिवळट. मी कित्येक कक्षांना, म्हणजे जंगलाच्या नंबर दिलेल्या तुकड्यांना, तो भरला आहे. निकृष्ट म्हणजे काय, हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी देवलापारच्या बाजूच्या एका गावाची शीट माझ्याकडे आली. कापडावर चिकटवलेली, चार घड्यांची. मधल्या घडीवर कागद झिजून नुसता धागा राहिला होता. निस्ताराची तुटक रेघ एका नाल्याच्या कडेकडेनं येत होती आणि बरोबर त्या घडीत नाहीशी होत होती. अडीच इंच पुढे ती पुन्हा दिसत होती. नालाही त्या घडीत गेलेला.

मोठे बाबू, म्हणजे आमचे हेड ड्राफ्ट्समन, त्या वेळी पलीकडच्या खिडकीशीच बसले होते. दहा पावलं असतील. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी पटवाऱ्याचा जुना नकाशा मागवायला सांगितलं असतं. तशी पद्धत होती, हे मला नंतर कळलं. मागच्या रांगेतला तो कारकून कान टवकारून बसलेला असणार, असं मला वाटलं. मी पट्टी ठेवली, रेघेची दोन टोकं जुळवली आणि मधे सरळ तुटक रेघ ओढली. सुरेख आली. खाली कोपऱ्यात ‘ट्रेस केले’ या शब्दांपुढे माझी आद्याक्षरं घातली.

नंतर त्या रेघेची मला आठवणसुद्धा राहिली नाही.

चार वर्षं गेली. माझं अक्षर आणि हात दोन्ही चांगले म्हणून नाव झालं होतं. मागच्या रांगेतला कारकूनही आता मला चहा विचारायचा. दिवाळीच्या आधीचे, पाऊस संपून पुन्हा ऊन तापतं ते दिवस होते. दुपारी मी माठाशी पाणी प्यायला गेले तर व्हरांड्यात एक बाई भिंतीला टेकून बसलेली. पन्नाशीची असावी. गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, हातावर गोंदण, आणि मांडीवर एक बांबूची नळी, दोन्ही हातांनी धरलेली. काल दुपारीही मी तिला तिथंच पाहिलं होतं.

मी पाण्याचा गिलास पुढे केला. म्हटलं, “मावशी, कोणाकडे आलात?”

“कालपासून विचारूनच राहिली,” ती म्हणाली. “या टेबलावरचा म्हणते त्या टेबलावर जा. त्या टेबलावरचा म्हणते साहेब दौऱ्यावर आहे. तू इथं कामाले हायस का वं?”

“हो. नकाशे काढते.”

तिनं मला एकदा नीट पाहिलं. मग नळीचं तोंड उघडून आतून एक गुंडाळी काढली आणि व्हरांड्याच्या फरशीवर पसरली. “मंग तूच पाय. तुले समजन.”

ती गोंड होती. तिचा सासरा मालगुजाराच्या काळी गावचा कोतवाल होता. पटवाऱ्यानं गावाचा नकाशा केला तेव्हा त्याची एक नक्कल त्यानं मागून घेतली होती आणि ती बांबूच्या नळीत घालून आढ्याला टांगून ठेवली होती. ती सांगत होती, मी ऐकत होते. मागच्या हिवाळ्यात कूप पडलं, म्हणजे जंगलाचा एक तुकडा तोडायला काढला, आणि त्यात गावाचं अर्धं मोहबन गेलं. गावकरी आडवे गेले. नाकेदारानं, तिकडे वनरक्षकाला नाकेदार म्हणतात, नकाशा काढून दाखवला.

“म्हणे, हे तुमच्यात नाही. हे पाय, रेघ इकडून जाते. आमाले का समजते? आमी म्हटलं, नाल्याच्या आतलं आमचंच हाय, सासऱ्याच्या वेळपासून. तो म्हणे, छापील आहे. साऱ्या गावानं अंगठे मारून अर्ज देल्ला. कोणी आलं नाही. आता त्याच्या लगतच्या झाडायलेबी नंबर टाकले. या हिवाळ्यात तेबी जाईन. मंग म्या म्हटलं, मीच जातो नागपूरले.”

हे बोलताना ती नकाशावर बोट फिरवत होती. तिच्या बोटाखाली नाला होता. नाला सरळ जात नव्हता. गावापासून दूर मोठं वळण घेऊन, पोट काढल्यासारखा बाहेर जाऊन तो परत येत होता, आणि निस्ताराची तुटक रेघ त्याच्या काठाकाठानं, त्या वळणाला धरून गेली होती. त्या पोटात पटवाऱ्यानं बारीक झाडं काढून शेजारी ‘मोहबन’ असं लिहिलं होतं.

मी गावाचं नाव वाचलं.

त्या क्षणी नेमकं काय झालं हे मला आजही नीट सांगता येत नाही. कानांना एकदम दडे बसले. ती बाई बोलत होती, तिचे ओठ हलताना दिसत होते, पण शब्द येत नव्हते. मला ती घडी दिसत होती, झिजलेले धागे दिसत होते, माझी लाकडी पट्टी दिसत होती. चार वर्षांत एकदाही न आठवलेली गोष्ट इतकी स्वच्छ कशी आठवावी, याचीच मला भीती वाटली. मी तिला म्हटलं, “इथंच बसा, मी आले,” आणि रेकॉर्ड रूममध्ये गेले.

ट्रेसिंग सापडायला वेळ लागला नाही, कारण लावून ठेवणारीही मीच. कापड उलगडलं. सरळ रेघ, सारखे तुटक ठिपके, कोपऱ्यात माझी आद्याक्षरं. नाल्याचं वळण जिथं असायला हवं होतं तो सगळा भाग रेघेच्या पलीकडे, आणि त्यात माझ्याच हातानं भरलेला तो पिवळट रंग. दोन भाग पाडलेले, दोन कुपांचे. मी तिथल्या स्टुलावर बसले. बऱ्याच वेळानं मोठे बाबू काहीतरी शोधत आत आले आणि मला पाहून म्हणाले, “बाई, बरं नाही का?”

मी त्यांना सगळं दाखवलं. ते चष्मा काढून कापडावर वाकले, खूप वेळ पाहत राहिले. मग त्यांनी ट्रेसिंग स्वतःच्या हातानं गुंडाळलं आणि कपाटात ठेवलं.

“झालं ते झालं,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “यावर तपासल्याची सही माझी आहे आणि मंजुरीची साहेबांची. ते साहेब रिटायर झाले. मी दोन वर्षांत होईन. त्या बाईला सांग, अर्ज देऊन जा, चौकशी होईल. तू पोरगी आहेस, आयुष्य काढायचं आहे तुला इथं.”

ते वाईट माणूस नव्हते. हे मी आजही म्हणते. त्यांनी माझ्याच भल्याचं सांगितलं आणि म्हणूनच मला ते जास्त लागलं.

मी बाहेर आले. बाईंना म्हटलं, तुमचा नकाशा एक दिवस माझ्याकडे ठेवाल का. तिनं थोडा विचार केला. म्हणाली, “ठेव. पण हरवू नको. हाच एक हाय.” ती इतवारीत कोणा ओळखीच्यांकडे उतरली होती. उद्या येते म्हणाली आणि पायात चपला नसताना, त्या तापलेल्या रस्त्यानं चालत गेली.

संध्याकाळी मी घरी सांगितलं. बाबा नुकतेच पाळीवरून आले होते, कानात कापसाचे तंतू तसेच. मला वाटत होतं की ते लगेच म्हणतील, जा आणि खरं सांग. लहानपणापासून त्यांच्या तोंडून दुसरं काही ऐकलं नव्हतं.

त्यांनी विचारलं, “कोणाले सांगितलं?”

“मोठ्या बाबूंना.”

“अजून?”

“कोणाला नाही.”

“मंग नको सांगू.”

आईनं हातातली पोळी तव्यावर तशीच ठेवली, ती करपल्याचा वास आला तेव्हा भानावर आली. बाबा खाली पाहून बोलत होते. “आमच्या खात्यात एकानं माप चुकवलं होतं. आपल्यातलाच. त्यानं जाऊन कबूल केलं. त्या दुपारीच गेटाबाहेर. दुसऱ्याची चूक झाली की ती त्याची एकट्याची असते. आपली झाली की म्हणतात, हे लोक असेच. तुह्या मागून येणाऱ्या पोरींचा विचार कर.”

“पण बाबा, अजून अर्धं बन उभं आहे. ते या हिवाळ्यात जाईल.”

बाबा ताटावर बसले आणि दोन घास खाऊन उठले. मला त्या दिवशी दोन धक्के बसले, आणि खरं सांगायचं तर दुसरा जास्त खोल गेला. माझ्या चुकीपेक्षा माझ्या बापाला वाटलेली भीती मला सहन होईना. ती इतकी वर्षं त्यांच्यात होती आणि मला कधी दिसली नव्हती.

सकाळी मी निघाले तर बाबा अंगणात माझी सायकल पुसत होते. पाळीला अजून वेळ होता, तरी लवकर उठले होते. मान वर न करता म्हणाले, “सांगशीन तं नीट सांग. रडून नको सांगू.”

साहेब, म्हणजे आमचे वनाधिकारी, नवे होते, जेमतेम पस्तिशीचे, पुण्याकडून बदलून आलेले. मी त्यांच्या टेबलावर तीन गोष्टी मांडल्या. मूळ फाटकी शीट, माझं ट्रेसिंग आणि बाईंचा नकाशा. त्यांनी तिन्हीवर आळीपाळीनं बोट ठेवलं.

“मूळ शीटवर इथं रेघच नाही. मग तुम्ही कशावरून काढली?”

“कशावरूनच नाही, साहेब. पट्टी ठेवली आणि ओढली.”

“कोणी सांगितलं होतं?”

“कोणी नाही. मी विचारलं नाही.”

ते खुर्चीला टेकले. ते ओरडतील म्हणून मी तयारी करून गेले होते, पण ते ओरडले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, “या वर्षीच्या तोडीच्या आदेशावर मी परवाच सही केली आहे.” मग त्यांनी घंटी वाजवून त्या बाईंना आत बोलवायला सांगितलं आणि मला म्हणाले, “उद्या जीप जाते आहे. नकाशा तुम्ही काढला, तुम्हीही चला.”

बाई आमच्याबरोबर जीपमध्ये मागे बसली. नळी तिच्या मांडीवर. मनसर सोडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं सुरू झाली, आणि मी इतकी वर्षं रंगवलेली गोष्ट पहिल्यांदा पाहिली. तिला रंग एक नव्हता, हे मला आधी दिसलं. मी मूर्खासारखी मोजू लागले, किती प्रकारचा हिरवा, आणि मग मोजणं सोडून दिलं.

गावाच्या पुढे जीप थांबली. नाकेदार आला. आम्ही चालत निघालो. एका ठिकाणी जंगल संपलं. आमच्यापुढे नुसती उघडी जमीन होती, उतारावरून खाली नाल्यापर्यंत. सरळ ओळींत लावलेली सागाची रोपं, गुडघ्याएवढी, पानं मात्र सुपाएवढी. ओळींच्या मधे बुंधे. काही जळून काळे झालेले, काहींचा रुंद चपटा भाग ताटासारखा वर आलेला.

आमच्या नकाशात चार इंचांना एक मैल असायचा. एक इंच म्हणजे पाव मैल, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. पण तो एक इंच चालायला किती वेळ लागतो हे मला ठाऊक नव्हतं. आम्ही चालत होतो, चालत होतो, आणि बुंधे संपत नव्हते. ऊन डोक्यावर होतं आणि सावली कुठंही नव्हती. पाखराचा आवाज नव्हता. मी दोनदा मागे वळून पाहिलं, आपण अजून त्याच तुकड्यात आहोत का म्हणून.

बाई एका बुंध्यापाशी थांबली. साहेबांना म्हणाली, “हा माह्या सासूचा.” चार पावलं पुढे जाऊन, “हा पाटलाच्या घरचा. हे दोन लोहाराच्या विधवेचे, तिचं दुसरं काहीच नव्हतं.” मला आधी कळलंच नाही ती काय सांगते आहे. मग कळलं की बनातला प्रत्येक मोह कोणा ना कोणाच्या घरचा होता. झाडाखालची जमीन ज्यानं त्यानं झाडायची, ज्याची फुलं त्यानं वेचायची. कुठं लिहिलेलं नाही, पण भांडण नाही. ती एकेका बुंध्याचं घर सांगत चालली होती, आणि साहेबांनी कधी टोपी काढून हातात घेतली ते मला दिसलं नाही.

काही बुंध्यांना कोवळे फुटवे आलेले आणि ते तळाशी कापलेले होते. साहेबांनी नाकेदाराला विचारलं, हे कोणी कापलं.

“निंदणीत काढले साहेब. सागाले दाबतात. तसा हुकूमच आहे,” तो म्हणाला. तोही खोटं बोलत नव्हता.

नाल्याशी पोचल्यावर साहेबांनी बाईंचा नकाशा उघडला. नाल्याचं वळण जसंच्या तसं समोर होतं. पटवाऱ्यानं खूण म्हणून दाखवलेला मोठा खडकसुद्धा जागेवर होता. वळणाच्या वरच्या अंगाला उरलेलं अर्धं बन उभं होतं, खोडाखोडावर साल तासून आकडे टाकलेले. साहेबांनी खिशातून वही काढली, उभ्या उभ्या लिहिलं आणि नाकेदाराला वाचून दाखवलं. या कुपाची तोड थांबवली आहे. मग तोंडी सांगितलं की यापुढे मोहाचे फुटवे कापायचे नाहीत.

परत फिरताना मी मुद्दाम मागे राहिले, बाईंच्या बरोबरीनं. नीट सांगायचं होतं. म्हटलं, “मावशी, तो छापील नकाशा मी काढला होता. रेघ माझ्या हातची. फाटलं होतं तिथं मी विचारलं नाही, तशीच ओढली.”

ती चालायची थांबली. माझ्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

“तू?” ती म्हणाली. “मले वाटे, कोणी मोठा मानूस असन. आमचं काही वाकडं करायचं त्याच्या मनात असन.” मग म्हणाली, “तुले तं आमचं गावबी माहीत नव्हतं.”

“नव्हतं.”

ती पुन्हा चालायला लागली. माझ्यापेक्षा भराभर, बुंध्यांना वळसे घालत. तिनं मला माफ केलं नाही आणि दोषही दिला नाही. जीपपाशी आल्यावर नाकेदाराकडून पाणी घेऊन प्याली आणि गावाकडे निघून गेली. मी तिला पुन्हा पाहिलं नाही.

माझी नोकरी गेली नाही. सेवापुस्तकात लेखी ताकीद आली. मोठ्या बाबूंनाही आली, आणि ते रिटायर होईपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलले. ते मी समजू शकते. बाबांना ताकीद वाचून दाखवली तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं, “एवढंच?” मग उठून बाहेर गेले आणि पानठेल्यावर नेहमीपेक्षा बराच वेळ बसून आले. साहेबांनी ती शीट मलाच पुन्हा काढायला दिली. वळण मी फार सावकाश काढलं, त्यामुळे रेघ थोडी जाड आली. मी ती तशीच राहू दिली.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. जिथं जुनी रेघ दिसत नसेल तिथं जागा कोरी सोडायची आणि बारीक अक्षरात लिहायचं, ‘मूळ नकाशात रेघ दिसत नाही.’ यावरून माझ्याविरुद्ध तक्रारी झाल्या. नकाशे अपुरे राहतात, कामं अडतात. काही साहेब चिडायचे, काहींना पटायचं. गंमत म्हणजे कोऱ्या जागा शोधायला लागल्यावर मला त्या इतक्या सापडल्या की मी हादरले. माझ्या आधीच्या किती जणांनी अशीच पट्टी ठेवून टोकं जुळवली असतील, आणि त्या रेघांखाली कोणाकोणाचं काय गेलं असेल, हे आता कळायला मार्ग नव्हता. त्यांचे नकाशे आमचे मूळ नकाशे होते.

ऐंशी सालानंतर वारं बदललं. केंद्राचा कायदा आला, जंगलतोडीला वरून परवानगी लागायला लागली, आणि जी जंगलं निकृष्ट होती त्यांना आता दुसरी नावं मिळू लागली. पुढे काही वर्षांनी नवी कार्य आयोजना करायची म्हणून पाहणीची तुकडी निघाली, तेव्हा मी ते काम मागून घेऊन त्या गावाकडे गेले. चैत्र होता. सकाळी उजाडायलाच आम्ही बनाशी पोचलो. वाचलेल्या अर्ध्या बनात बायका टोपल्या घेऊन फुलं वेचत होत्या. जमीन पिवळी झालेली, गोड, आंबूस वास. पलीकडे सागाची रांग उभी होती, सगळी झाडं एका उंचीची.

एका तरुण बाईशी मी बोलत उभी राहिले. बोलता बोलता कळलं की ती त्या बाईंची सून. सासू दोन पावसाळ्यांपूर्वी गेली होती. मी म्हटलं, हे बन वाचलं कसं, माहीत आहे का?

“माहीत आहे ना,” ती वाकून वेचतच म्हणाली. “नागपूरच्या कोण्या साहेबानं रेघ चुकवली होती. अर्धं तोडून टाकलं. मंग माही सासू तिथं गेली. तिथं एक पोरगी होती नकाशावाली, तिनं सासूचा नकाशा पाहून सरळ साहेबाच्या पुढे नेला. म्हणून हे राहिलं.”

मी म्हटलं, “तसं नाही ते. रेघ चुकवली ती त्या पोरीनंच. ती मीच.”

तिनं वर पाहिलं. तिला समोर दिसली ती साडीतली, चष्मा लावलेली, केस पिकायला लागलेली बाई. मग तिनं मान हलवली.

“आमची सासू तं असंच सांगे,” ती म्हणाली, आणि टोपली पुढच्या झाडाखाली सरकवली.

मी तिथं आणखी थोडा वेळ थांबले. सासूनं ते असं का सांगितलं असेल? गावात सांगता सांगता गोष्ट आपोआप बदलली असेल, की तिनंच ती बदलली असेल? विचारायला आता कोणी नव्हतं. तुकडीतल्या लोकांनी हाक मारली, तसा मी मोजणीचा फळा आणि कागद उचलला आणि नाल्याच्या दिशेनं चालायला लागले, कारण त्या दिवशी आम्हाला ते वळण जमिनीवर साखळी टाकून मोजायचं होतं.